लोकल थांबली की आधी पंख्याकडे बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून बदलापूरला राहायला येऊन चार महिने झालेत, ऑफिस लोअर परळला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अधेमध्ये कुठेतरी रखडते. तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाची रजा जाते. अशा वेळी बसून राहायचं, उतरून दुसरी वाट धरायची, की सरळ घरी परतायचं?

मी अकरा वर्षं लोकलवर गार्ड होतो आणि पुढची सतरा वर्षं कंट्रोलमध्ये, म्हणजे कुठली गाडी थांबवायची आणि कुठली सोडायची ते ठरवणाऱ्या कक्षात. गार्डला आता कागदोपत्री ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण माझी जुनी सवय जात नाही. गाडी रखडली की मागच्या केबिनमध्ये लोकांच्या शिव्या ऐकायच्या, आणि कंट्रोलमध्ये बसलं की तसल्याच गाडीला ‘अजून दहा मिनिटं धरून ठेवा’ म्हणायचं, अशी दोन्ही कामं केली आहेत. त्यावरून सांगतो, ‘लोकल लेट’ असा एकच प्रकार नसतो. रखडण्याच्या पाच-सहा जाती आहेत आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं. कुठली जात आहे हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखता आलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच मिळतं. ज्यांना ओळखता येत नाही ते चाळीस मिनिटं बसून काढतात आणि गाडी हलायच्या नेमकं पाच मिनिटं आधी उतरतात. केबिनमधून हे इतक्या वेळा पाहिलंय की शेवटी शेवटी हसूही येईनासं झालं.

गाडी थांबली की सगळे मोबाइल काढतात. तुम्ही आधी वर बघा. पंखे फिरतायत? मग तारेत वीज आहे, मोटरमन सिग्नलसाठी उभा आहे. पंखे बंद आणि डब्यात दोन-चार मिणमिणते दिवे उरलेत? ते बॅटरीवरचे. वरच्या तारेतली वीज गेली आहे. पाचेक मिनिटांत परत आली तर नुसती ट्रिप झाली होती, म्हणजे वीज थोडा वेळ तुटली होती; विसरून जा. दहा मिनिटांनीही पंखे ढिम्म असतील तर दिवसाचा बेत बदलायला घ्या. (धावत्या गाडीत पंखे क्षणभर बंद पडून परत फिरू लागतात, त्याचं काही नाही. दोन वीजपुरवठ्यांच्या मध्ये बिनविजेचा छोटा तुकडा ठेवलेला असतो, न्यूट्रल सेक्शन. तेवढा तुकडा गाडी आपल्या वेगाच्या जोरावर पार करते.)

दुसरी खूण शेजारच्या रुळांवर. सकाळी गर्दीच्या वेळी दहा मिनिटांत समोरून एकही डाऊन (सीएसएमटीहून बाहेर जाणारी) गाडी गेली नाही, तर बिघाड तुमच्या रुळापुरता नाही. समोरून गाड्या येतायत, शेजारची लाइनही वाहती आहे आणि तुमचीच तेवढी तुंबली आहे, तर पुढच्या स्थानकात स्लोवरून फास्टवर किंवा उलट गेल्याने काम भागतं.

तिसरी खूण गाडीच्या चालीत. गाडी थांबते, मिनिटभर उभी राहते, मग रांगत पुढच्या सिग्नलपर्यंत जाते आणि परत थांबते. हा सिग्नलचा बिघाड. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि पुढच्या वळणावर गाडी उभी आहे असं धरूनच सावकाश निघायचं, असा नियम आहे. त्याला तशीच गाडी चालवावी लागते. अशा गाडीतून उतरू नका. वीस-पंचवीस मिनिटं उशिरा का होईना, ती पोचते; आणि उतरून तुम्ही जी पकडाल ती हिच्याच मागे रांगत असते.

पॉइंट फेल होणं याच घराण्यातलं, पण जास्त त्रासाचं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा अर्धवट अडकला की माणूस पाठवून तो हाताने बसवावा लागतो, कुलूपबंद करावा लागतो, आणि मग एकेक गाडी सोडायची. कल्याणला हे झालं की तुमची खरी पंचाईत. कसाऱ्याची आणि कर्जतची लाइन तिथे एकत्र येते, त्यात मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे वर्षानुवर्षं दोनच रूळ, एक जायचा आणि एक यायचा. सीएसएमटी ते कल्याण निदान स्लो-फास्ट अशी अदलाबदल करता येते. तुमच्याकडे ती चैन नाही. दिव्याच्या रेल्वे फाटकामुळे गाड्या कशा अडायच्या हे डब्यातल्या जुन्या मंडळींना विचारा, एक आख्खा प्रवास पुरेल एवढी माहिती मिळेल.

ओव्हरहेड वायर तुटली किंवा पेंटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) तारेत गुंतला, तर मात्र वाट बघू नका. दुरुस्तीची टॉवर वॅगन त्याच रुळांवरून यायची असते, आणि त्याच रुळांवर तुमच्यासारख्या पाच-सहा गाड्या एकामागे एक उभ्या असतात. आधी त्या मागे-पुढे सरकवायच्या, मग वॅगन पोचायची, मग तार ओढायची. कंट्रोलमधून ‘अर्धा तास’ असं सांगितलं जायचं तेव्हा आम्ही मनात दीड तास धरायचो. तुमची गाडी फलाटावर असेल तर लगेच उतरा. मध्येच असेल तर बसून राहा. का ते पुढे सांगतो.

रुळाला तडा हा थंडीतला पाहुणा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रूळ आकसतो, कुठेतरी जुन्या जोडावर ताण येतो आणि तडकतो. बदलापूर-वांगणी पट्ट्यात पारा मुंबईपेक्षा बराच खाली जातो हे तुम्हाला येत्या हिवाळ्यात कळेलच. तडा सापडला की दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळून गाड्या अगदी हळू सोडतात, पक्की दुरुस्ती नंतर होते. म्हणजे पहिला अर्धा-पाऊण तास वाईट, पुढे सगळं लंगडत का होईना चालू. अशा दिवशी घरून निघाला नसाल तर तासभर उशिरा निघा आणि तसं ऑफिसला आधीच कळवा.

साखळी कोणी ओढली असेल तर पाच-सात मिनिटांची बाब. आणि रूळ ओलांडताना कोणी गाडीखाली आलं असेल तर दहा-वीस मिनिटं. त्या वेळी गार्ड आणि मोटरमन काय बघत असतात ते मी इथे लिहीत नाही. डब्यात कोणी ‘याला हीच गाडी मिळाली होती का’ असं म्हणालं तर तुम्ही त्यात सूर मिसळू नका, एवढंच.

आता कंट्रोलमधून हे कसं दिसतं ते थोडं ऐका, कारण तुमचा संध्याकाळचा प्रवास त्यावर ठरतो. एक रेक, म्हणजे डब्यांची एक अख्खी गाडी, दिवसभर अप-डाऊन खेपा मारत असतो. त्या खेपांच्या साखळीला आम्ही लिंक म्हणतो. सकाळी साडेआठला सीएसएमटीला उशिरा पोचलेला रेक पुढची डाऊन खेप उशिरा सुरू करणार. तो उशीर भरून काढायला कंट्रोलरकडे दोनच हत्यारं असतात. एखादी खेप रद्द करायची, नाहीतर गाडी वाटेतच कुर्ला, ठाणे, कल्याण अशी कुठेतरी संपवून तिथूनच उलटी फिरवायची. आणि जी गाडी मुळात लांब जाणार असते तिच्यावर नजर आधी जाते, कारण ती कापली की सर्वात जास्त वेळ वाचतो. कर्जत, कसारा, खोपोली, बदलापूर. हा अन्याय आहे का? आहे. मीच कित्येकदा केलाय. दादरच्या फलाटावरची गर्दी छतापर्यंत पोचली असताना समोर दुसरा मार्ग दिसत नसे.

म्हणून तुमच्यासाठी पहिला नियम. संध्याकाळी गोंधळ असेल तेव्हा ‘बदलापूर’ अशी पाटी असलेल्या गाडीची वाट बघत दादरला तासभर उभे राहू नका. कल्याणपर्यंत जाणारी जी गाडी मिळेल ती घ्या. कल्याणहून बदलापूर रुळाने जेमतेम चौदा किलोमीटर. शेअर रिक्षाने उल्हासनगर, अंबरनाथ असे टप्पे घेत माणूस घरी पोचतो. दादरला अडकलेला माणूस दादरलाच असतो.

दुसरा नियम खोळंबा सुटल्यानंतरचा. अडलेल्या गाड्या मग एकदम लागोपाठ येतात, एकीच्या शेपटीला दुसरी. पहिलीत जीव घुसमटेल इतकी गर्दी, दुसरीतही तीच गत, तिसरीत उभं राहता येतं आणि चौथीत कधी कधी चक्क टेकायला मिळतं. लोकांना पहिलीच हवी असते. जून २०२५ मध्ये दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांत जीव गेले. तुम्ही तिसरी गाडी घेऊन पंधरा मिनिटं उशिरा पोचा. लेट मार्क तसाही लागलेलाच असतो.

पर्यायी वाटांबद्दल. बदलापूर ते लोअर परळ या वाटेवर तुमच्या उपयोगाची सुटकेची ठिकाणं खरं तर तीनच: ठाणे, घाटकोपर आणि दादर. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी आणि तिथून हार्बरने कुर्ला-वडाळा ही वाट नकाशावर छान दिसते, पण तुमच्यासाठी लांबचा वळसा आहे; मुख्य मार्ग ठाणे-कुर्ला दरम्यान दिवसभरासाठी बंद पडला तरच. घाटकोपर मात्र सोन्यासारखं आहे. तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ पकडायची. मे २०२५ पासून ही भुयारी मेट्रो आचार्य अत्रे चौकापर्यंत म्हणजे वरळी नाक्यापर्यंत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत गेली. अत्रे चौकाहून लोअर परळ टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. कुर्ला-सायनच्या मध्ये पाणी किंवा वायर, काहीही असो, ही वाट त्या भानगडीच्या वरून आणि खालून निघून जाते. पैसे जास्त जातात, पण अर्ध्या दिवसाच्या रजेपेक्षा कमी. एकदा निवांत सुटीच्या दिवशी जाऊन ती वाट पायाखालची करून घ्या. गोंधळाच्या दिवशी नवा जिना शोधत बसू नये.

आणि कुर्ल्याला उतरू नका. तिथे उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा थांबलेल्या गाडीत बसलेलं बरं.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेने लोअर परळ ही तुमची रोजची वाट असणार. पश्चिम रेल्वेचाच घोळ असेल तर दादरलाच स्लो गाडी घेऊन करी रोडला उतरा आणि पायी जा; बरेच नवखे लोक हे अंतर कितीतरी मोठं समजतात. गोंधळाच्या दिवशी दादरचा पूल गच्च झालेला दिसला तर त्यावर चढू नका. फलाटाच्या टोकाला दहा मिनिटं थांबा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली. पाऊस आला म्हणून लोक वरच थांबले होते आणि खाली गाड्या येत राहिल्या. त्या स्थानकाचं नाव आता प्रभादेवी आहे. तुमच्या ऑफिसपासून लांब नाही.

आता गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी असताना उतरावं का. नाही. रेल्वेची माणसं शिडी लावून स्वतः उतरवत असतील तेवढा एकच अपवाद. डब्याच्या पायदानावरून खडीवर उडी म्हणजे घोटा गेलाच समजा, आणि शेजारच्या रुळावर गाड्या चालू आहेत की नाहीत हे तुम्हाला माहीत नसतं. त्या मोटरमनलाही तुम्ही तिथे असाल हे माहीत नसतं. रुळांवर उतरणं कायद्यानेही गुन्हा आहे, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण खरं कारण ते नाही. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि वीज गेली असं वाटतं तेव्हा ती कुठल्याही क्षणी परत येऊ शकते. छत्री उघडून रुळांवरून चालणारे, शिडी समजून डब्याला लोंबकळणारे, सगळे पाहिलेत.

तुमच्या कोल्हापूरचंच उदाहरण देतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूरच्या पुढे वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी होते. सगळीकडे पाणी, डब्यात अंधार, लहान मुलं. त्यांना सांगितलं गेलं की गाडीतून उतरू नका, आणि ते उतरले नाहीत. एनडीआरएफ आणि नौदलाची पथकं येईपर्यंत तासन्‌तास काढले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्या पाण्यात जे पोहायला गेले असते त्यांचं काय झालं असतं ते तुमच्या बदलापूरच्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांनी तो पूर खिडकीतून पाहिला आहे.

पावसाचा विषय निघालाच आहे तर तो नीट घेऊ, कारण जून ते सप्टेंबर दुसऱ्या कशाला महत्त्व नाही. रुळांवर पाणी आलं म्हणजे गाडी लगेच बंद पडते असं नाही. मोटरी डब्याखाली असतात, पॉइंटची यंत्रं जमिनीलगत असतात. रूळ दिसेनासे होऊन पाणी आणखी काही इंच चढलं की गाड्या थांबवाव्याच लागतात. मुख्य मार्गावर मस्जिद, सायन, कुर्ला, हार्बरवर चुनाभट्टी, पश्चिमेला वसई-नालासोपारा ही नेहमीची ठिकाणं. पाऊस किती पडला यापेक्षा तो भरतीच्या वेळी पडला का, हे बघा. समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी जायला जागाच नसते. वर्तमानपत्रात भरतीची वेळ आणि उंची रोज येते. साडेचार मीटरच्या वरची भरती दुपारी आणि रात्रभर पाऊस कोसळतोय, असा योग असला तर सकाळी जाणं जमेल, परतणं जमणार नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दुपारी माझी गाडी घाटकोपरच्या पुढे उभी राहिली ती राहिलीच. रात्री डब्यात जे थांबले त्यांना आजूबाजूच्या वस्तीतून चहा-बिस्किटं आली. कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघालेल्यांपैकी काहींना दुसऱ्या दिवशी घरचे शोधत होते. माझी स्वतःची चूकही त्याच रात्रीची आहे. घरी ‘दोन तासांत येतो’ असा निरोप पाठवला होता. गार्ड असून मला अंदाज आला नाही, आणि बायकोने ते दोन तास रात्रभर मोजले. तेव्हापासून मी कधीच वेळ सांगत नाही. ‘घाटकोपरजवळ उभा आहे, सुखरूप आहे, बॅटरी जपतोय’ एवढंच कळवतो. तुम्हीही तसंच करा, आईवडील कोल्हापुरात असतील तर जास्तच.

बातमी कुठून घ्यायची? एम-इंडिकेटर या लोकलच्या अ‍ॅपवरचं चॅट आणि तुमच्या गाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दोन्ही वापरा, फक्त एक लक्षात ठेवा. लोकांनी दिलेलं ठिकाण खरं असतं, कारण खोटं असतं. ‘मी मुंब्र्याला पंधरा मिनिटं उभा आहे’ हे विश्वासाने घ्या. ‘ठाण्याला गाडी घसरली’ हे घेऊ नका. दहातले नऊ ‘घसरलेले डबे’ नंतर पॉइंट फेल निघतात. मध्य रेल्वेच्या यात्री अ‍ॅपवर गाडी कुठे आहे ते दिसतं, स्थानकातल्या इंडिकेटरपेक्षा मी त्यावर अंमळ जास्त भरवसा ठेवतो.

रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणं) अचानक नसतो, तरी लोक दर रविवारी अचानक चकित होतात. आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतो, साधारण अकरा ते चार. फास्ट गाड्या त्या वेळात स्लो लाइनवर वळवतात आणि मधल्या स्थानकांवर थांबवतात. मे २०२४ च्या अखेरीस ठाणे आणि सीएसएमटीच्या फलाटांसाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, तेव्हा कित्येक ऑफिसांनी घरून काम दिलं. म्हणजे आधी सांगितलं तर ऑफिसं ऐकतात.

लेट मार्काचं सांगतो. मॅनेजरशी गोंधळाच्या दिवशी फोनवर वाद घालू नका. एखाद्या शांत दिवशी समोर बसून बोला. बदलापूरहून येतो, महिन्यातून इतक्या वेळा हे होणार, त्या दिवशी संध्याकाळी तेवढा वेळ भरून देतो, चालेल का? बहुतेक ठिकाणी चालतं. आणि तुम्ही रोज पकडता त्यापेक्षा दोन गाड्या आधीची धरा. एक तास आधी नको, तेवढी झोप मोडून कोणी वर्षभर टिकत नाही, महिन्याभरात परत जुन्या गाडीवर येतो. दोन गाड्या म्हणजे वीसेक मिनिटं. सिग्नल, साखळी, पॉइंट असले किरकोळ खोळंबे त्यात जिरून जातात.

पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, पॉवर बँक, रोजची औषधं असतील तर एक दिवसाची जास्तीची, आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा. नेटवर्क गेलं की शेअर रिक्षावाल्याचा क्यूआर कोड नुसता शोभेचा असतो.

शेवटची गोष्ट, आणि हा सल्ला कंट्रोलचा नाही, डोंबिवलीकराचा. एक घर दादरच्या आसपास आणि एक ठाणे-डोंबिवलीत धरून ठेवा, जिथे रात्री बाराला बेल वाजवली तरी दार उघडेल. कोल्हापूरकरांचं लांबचं का होईना कोणीतरी लालबाग-परळला असतंच. आत्ताच एकदा जाऊन भेटून या, सोबत थोडी भडंग न्या. मग त्या रात्री फक्त ‘येतोय’ एवढंच सांगावं लागतं.